पायल सिस्टरची अॅडमिशन

अंबरनाथ पश्चिमेच्या एका दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर पायल सिस्टर सरस्वतीआजींना श्वासाचा व्यायाम शिकवत होती.

"आजी, नाकाने श्वास घ्या. आता ओठांचा चंबू करून हळूच फुंकर घाला."

"फूऽऽ... अगं, पण तू सारखी हसतेस काय?"

"बीएस्सी नर्सिंगला अॅडमिशन मिळाली, आजी! आत्ताच मेसेज आला."

"अगं बाई! पण नोकरी आहे ना तुला? मग परत शिकायचं कशाला?"

"फुंकर घातली की दम का कमी होतो, असं तुम्ही विचारलंत ना, तेव्हा मला धड सांगता आलं नाही. फार लागलं ते मनाला."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"थोडं तुमच्यामुळे, थोडं प्रमोशनसाठी. आणि कॉलेजला जायची हौस राहिलीच होती हो!"

"घरी सांगितलंस?"

"नवऱ्याला माहितीये. सासूबाईंना सांगायची भीती वाटते."

"लाव फोन. दे इकडे... हॅलो, मी पायलची पेशंट. तुमची सून कॉलेजात जातेय, तिला अडवू नका!... काय?... अय्या!"

"आजी, हसताय काय? चिडल्या का त्या?"

"विचारतायत, तिथे सासवांना पण घेतात का?"