तिला कुणाकडून आला

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिचा भाऊ समोर येरझाऱ्या घालत होता.

“बस रे जरा. आई आत झोपलीय.”

“ताई, आधी रिपोर्टचं सांग. ती इथे दाखल झाल्यावर तुझ्या पाठोपाठच तिला ताप आला ना?”

“आला. पण माझ्या आणि तिच्या विषाणूची जनुकं जुळत नाहीत. तिच्या विषाणूची शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या विषाणूशी जुळतात.”

“म्हणजे तुझ्याकडून नाही?”

“नाही. सगळ्या नातेवाइकांत माझ्यावर तोंडसुख घेतलंस तेवढं.”

“चुकलं माझं. मी तर तिला काही होऊ नये म्हणून फिरकलोच नाही.”

“हो ना.”

“आईला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“जाऊ दे, नको विचारूस.”

“ताई!”

“म्हणाली, तुझ्याकडून आला असता तरी चाललं असतं. तू येत तरी होतीस.”