सिग्माच्या जागी गणपती

फाँटचा विषय काढला न तुम्ही, मंग माझ्या प्रबंधाचं ऐका. एमएस्सीला होतो. कपाशीचे ग्राफ कॉलेजच्या कम्प्युटरवर काढले अन् फ्लॉपी घेऊन छापायला जालन्यात एका शेठकडं गेल्तो. शेठचा धंदा लग्नपत्रिकांचा. त्यांनी फाईल उघडली, तर सिग्मा, म्यू, सगळ्या गणिती चिन्हांच्या जागी नुसते चौकोन!

"शेठ, माझी चिन्हं कुठं गेली?"

"तुमचा गणिताचा फाँट आमच्या मशीनवर न्हाई ना भाऊ. टेन्शन नका घेऊ, दुसरा लावून देतो."

अन् लावला पत्रिकेतल्या चित्रांचा फाँट! सिग्माच्या जागी गणपती, म्यूच्या जागी कलश. मी ओरडेपर्यंत प्रिंट निघाली, अन् लाईट गेली.

दुपारी गाईडला दाखवायचं होतं. आमचे सर म्हंजे जमदग्नी. लाल पेनानं काट मारल्याशिवाय पान परत द्यायचे न्हाईत. गेलो तसाच, काय करता! सरांनी पेन उचलला, ग्राफपाशी नेला अन् थांबले. पान उलटलं. तिथंही गणपती.

"हे काय आहे?"

"सर, फाँट..."

"ग्राफ साफ चुकलाय. पण काट कुठं मारू? बाप्पावर?"

पेनाला टोपण लावलं अन् सगळ्या चुका तोंडी सांगितल्या, त्याही हळू आवाजात.

फाँट फाईलमधेच बसवून न्यायचा असतो, हे मला नंतर कळलं. पुढच्या बॅचच्या पोरांना समजावून सांगायला गेलो, तर म्हणतात कसे, "ते राहू द्या. शेठचं दुकान कुठंय, तेवढं सांगा."