गोठा जळाला की शेतकरी गरीब

मी कुणाला घाबरत नाही असं तुम्ही म्हणता, पण तीर्थपुरीच्या एका शेतकऱ्याला मी घाबरलो होतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्यांचा गोठा जळाला आणि मी बातमी दिली, ‘गरीब शेतकऱ्याचा गोठा खाक’. आमच्या धंद्यात गोठा जळाला की शेतकरी गरीबच असतो, विचारायला कोण जातो?

दुसऱ्या दिवशी ते दोन भावांना घेऊन जुन्या जालन्यातल्या आमच्या कचेरीत आले. धाकट्यानं आतून कडी लावली.

‘‘गरीब कोन?’’ शेतकऱ्यानं विचारलं.

‘‘काका, सहानुभूतीनं लिहिलं.’’

‘‘साठ एकर हाये आमचं. पोरीची सोयरीक जमून राह्यली, अन् पावणे पेपर वाचून उठून गेले. उद्या बराबर छापा. न्हाई तं आम्ही हायेच.’’

एका शब्दासाठी कलेक्टरशी भांडलेला मी, मुकाट्यानं ‘सधन शेतकरी’ असा खुलासा लिहिला. वर ‘प्रतिष्ठित’ही जोडलं.

सोयरीक जमली. मग आठवड्यानं आमच्या तिथल्या वार्ताहराचा फोन आला. माझी एकही बातमी खरी न मानणाऱ्या तहसीलदारानं नेमका तो खुलासा खरा मानून गोठ्याच्या मदतीच्या यादीतून त्यांचं नाव काढलं होतं.

‘‘मंग?’’ मी विचारलं.

‘‘मंग काय, साहेब. तिघं भाऊ आत्ताच जालन्याच्या एसटीत बसले.’’