कोपऱ्यातली बाई

कापायचं? न्हाई जमायचं, वकीलसाहेब. तुम्ही आणलेली फ्रेम लहान पडते, म्हणून चित्र कापायचं? कोपऱ्यातली ही बाई जाते की. शंभर-सव्वाशे वर्षांचा कागद, फ्रान्सचं मासिक, हैदराबादच्या रद्दीत घावलं म्हणता. बरं. लातूर जिल्हा झाला, तुम्ही नवं ऑफिस टाकलं, भिंतीला काहीतरी पाहिजे — पाहिजेच. पण बघा तरी नीट. हे दोन वकील — काळे डगले, पोटं पुढं, नाकं वर. आत भांडून आले असणार, बाहेर हातात हात घालून हसतायत. मागं ती बाई, लेकरू कडेवर. काढणाऱ्यानं बरोबर ओळखलंय. तुम्हाला हसू येतंय — येऊ द्या. मला न्हाई येत. ह्या दोघांना मी उदगीरच्या कोर्टात पाहिलंय. एक माझा होता, एक माझ्या भावजयीचा.

बहात्तरचा दुष्काळ. धाकटा भाऊ वारलेला. बांधावरची विहीर त्यानं आणि मल्लम्मानं खणलेली — म्हणजे, तिचं म्हणणं तसं. शिवारात तेवढ्याच विहिरीला पाणी. मी दावा लावला. दोन्ही वकील आत एकमेकांच्या अंगावर जायचे, दुपारी एकाच डब्यातून जेवायचे. तारखा, तारखा. शेवटी मल्लम्माच उठली. कोर्टाच्या ओट्यावर, लोकांसमोर म्हणाली, भावजी, गळ्यातलं लिंग हातावर घेऊन सांगा विहीर तुमची, मी आत्ता सोडते. दोघं वकील हसले. माझा म्हणाला, शंकरप्पा, घ्या की, फुकटात मिटतंय. मी म्हणालो, सोमवारी आंघोळ करून येतो.

आलो. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी तळहातावर धरली, सांगितलं, विहीर माझी. ती पाया पडली — डबीच्या, माझ्या न्हाई — आणि गेली. सडकेच्या कामावर, खडी फोडायला.

डबी उघडा, असं कोण म्हणणार? आम्हा लिंगायतांत लिंग जिवंतपणी अंगावेगळं करत न्हाईत, कोणाच्या मनातबी आलं न्हाई. — तसं बघू नका माझ्याकडं. लिंगावर खोटं बोललोच न्हाई मी. ते घरी होतं. देवळीत, धुतलेल्या फडक्यात. रिकाम्या डबीवर बोललो.

घरी आलो तर बायको, शांतम्मा, देवळीसमोर बसलेली. लिंग तिच्या तळहातावर. माझ्या हातात दिलं, उठली. दहा वर्षं झाली. ताट वाढते, आत जाते. गाव सोडून इथं दुकान टाकलं, तरी तेच.

कोणाला विचारलं न्हाई आजवर. तुम्हाला विचारतो. शिकलेले आहात. कायद्यानं गुन्हा होतो का हा? सांगा की.

न्हाई होत?

एवढ्यात? पुस्तक न बघता? ओट्यावर बोललो, साक्षीत न्हाई, म्हणून सुटलो? — आणि हसता वर. पाठीवरचा हात काढा. काढा म्हटलं.

उचला तुमचं चित्र. दुसरीकडं कापतील. न्हाई, पैसे नको. दुकान बंद हाय. दुपार असू द्या — बंद हाय.