पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण

हॅलो?… हां अक्षता, बोल. झालं का नोकरीचं डेमो लेक्चर?… अजून न्हाई? मंग ताईला फोन काहून केला?… अगं, रडू नको. जल्दी सांग, तव्यावर भाकर हाय माझी.

उत्तर जुळंना? समरूप त्रिकोणांचं?… आठवडाभर तेच तर शिकवलं तुला फोनवर!… बरं, बरं. तुझ्या आधी किती जण?… एकच? मंग चौकटीच्या कागदावर ठेव पुठ्ठ्याचे दोन्ही त्रिकोण. एकेक कोपरा म्हणजे एकेक संमिश्र संख्या, आडवं मोजलं ते साधं, उभं मोजलं ते ‘आय’चं. आता ए पासून सी, भागिले ए पासून बी… हो, हो… अगं ऐक ना! लहान्याचं काय आलं?… एक अधिक दोन आय. बराबर. मोठ्याचं?

एक वजा दोन आय? वजा कसं येईल?… पुन्हा कर… पुन्हा तेच? काटकोनाच्या कोपऱ्यालाच ‘बी’ म्हटलं ना?… दोन्हीकडं?… मंग चुकून कुठं राह्यलं! डोकं फिरवलं तू माझं. करपली बघ भाकर!

थांब. मोठा उलटा तर न्हाई ठेवला?… घुमवलेला न्हाई गं! घुमव कितीबी, संख्या तीच राहती. पालथा केला का, पालथा?… केला? काहून?… छापलेलं दुकानाचं नाव दिसत होतं म्हणून? कोणत्या दुकानाचं?… साडीच्या?

अक्षे. कोणतं खोकं कापलं तू?… माझ्या शालूचं? लग्नातल्या? माहेरी नीट राहील म्हणून ठेवला होता मी!… अन् शालू?… उशीच्या खोळीत?

असा राग येऊन राह्यला ना तुझा… न्हाई, सॉरी नको म्हणू. ऐक. आधी पालथाच दाखव. वजा येऊ दे. मंग सगळ्यांसमोर सुलटा कर अन् सांग, त्रिकोण समरूपच हायत, पण पालथा पडला की आयचं चिन्ह बदलतं… दिसू दे की दुकानाचं नाव! हसले तर हसू दे.

बोलावलं?… जा, जा. अन् अक्षे, तो शालू नेसून मी इथं अंकुशनगरला सासरी आले अन् माझी एम.एस्सी. अर्धीच राह्यली. त्याचं खोकं तरी जाऊ दे फळ्यासमोर…

हॅलो?… ऐकलं का?… हॅलो?