गाडीतून कोण उतरलं

न्हाई, न्हाई सर, आधी ही चप्पल घ्या, मग आपण पासाचं बोलू. तुमचीच हाय न? अंगठा झिजलेली — हाव, तीच. आमच्या चांगुणाच्या पायात गेली होती. ती बिचारी टँकरपाशी पोचली, पाणी भरून घरी आली, तवा तिला कळलं, की आपला पाय येवढा लहान कवा झाला म्हणून! आन तुमी तिकडं रबरी सपाता घालून बँकेत बसून राहिले म्हणं. सगळ्या लातुराला ठावं हाय. पण तुमी काढलीच कशाला, सर? आमी काढली, आमाला कारण होतं. आमी दाराशी काढून राहिलो म्हणून तुमी बी काढली? — हसू नका, खरं सांगा. चांगलं मानूस हाव तुमी. दुसऱ्यानं काढली म्हणून चप्पल काढणारं मानूस ह्या नव्या जिल्ह्यात मला तरी पहिलंच भेटलं.

तर ते पत्रक दाखवा. कोण्या कोण्या देशाचा राहिला? इराण — न्हाई, इराणचा नको, त्याच्यात समदं रानच रान हाय, चांगुणाची नणंद बघून आली, म्हणली दोन घंटे नुसती धूळ उडून राहिली, ती तर आपल्या दारात बी उडती. चीनचा? त्यो संपला. कोरिया? आपल्याला न्हाई ठावं. आमी कसं करतो सांगू का, सिनेमा कसा निवडतो? तुमी लोक दिग्दर्शक बघता, बक्षीस बघता. आमी देश बघतो. मागल्या आठवड्यात तुमी बालवाडीत आले, मला म्हणले, "पंचशीलाबाई, आमच्या मंडळाचा आशियाचा सिनेमा-सप्ताह हाय, बायका आणा, बायका येतच न्हाईत" — तवा म्या हेच पत्रक घेतलं आन वस्तीत गेले. तिथं खल झाला. बुद्धाचे देश कोणते? जपान, लंका, थायलंड. मग पहिला कोणता? जपान. का? तर तिथं लई मोठी मूर्ती हाय, कॅलेंडरावर समद्यांनी बघितलेली. ठरलं. आता सिनेमा जपानचा म्हणल्यावर त्याच्यात काय असणार? बुद्धच असणार न! दुसरं काय असणार? म्हणून पांढऱ्या साड्या, म्हणून उदबत्तीचा पुडा, म्हणून दाराशी चप्पल. आमच्या मामीनं तर — मामी म्हंजे माझी सासू, नागुबाई, ती पुढच्याच खुर्चीवर बसली होती, कपाळापर्यंत पदर — तिनं मोगऱ्याची फुलं आणली होती. पाणी न्हाई प्यायला आन फुलं कुठून आणली ते इचारू नका, मला बी सांगितलं न्हाई तिनं. धम्म मिळाला तवापासून तिच्या मनात हाय, की बुद्धाचा एखांदा देश मरायच्या आदी डोळ्यानं बघावा. मुखेडच्या पलीकडं गेली न्हाई ती कवा. म्हणली, देश आपल्याकडं येऊन राहिला, तर आपण चार पावलं जायला काय होतंय?

आन पडद्यावर काय? एक म्हातारी, मुळे इकून राहिली!

हसा, हसा. आमी बी पहिलं एकमेकीकडं बघितलं. चांगुणा हळूच म्हणली, बुद्ध मागून येत असंल. म्या म्हणलं, गप बस, येईल. मग बरफ पडाया लागलं. सर, ते बरफ! घरावर बरफ, झाडावर बरफ, रस्त्यावर मानसाच्या कमरेयेवढं बरफ. आन खुर्च्यावर आमी कोण बसलेल्या? चार-चार दिस नळाला थेंब न बघितलेल्या. मामी उठूनच उभी राहिली. म्हणली, "आगं बाई, येवढं पाणी गोठून पडलंय आन एकीनं बी घागर आणली न्हाई!" तुमी मागून शूः केलं न, ते आमालाच केलं होतं, ठावं हाय मला. पण कशी गप बसंल वो ती? त्या जपानी म्हातारीनं फावड्यानं दारातलं बरफ वढून बाजूला टाकलं, तवा समद्या बायकांच्या तोंडातून "आयाया" निघालं. जीव तुटला. कलेक्टर कचेरीसमोर परवा कुणाचा तरी टँकर गळला, तवा बी असाच आवाज झाला होता.

आता खालून ते इंग्रजी पळून राहिलं होतं, ते आमाला येत न्हाई. पण येवढं कशाला लागतंय? म्हातारी रोज मुळे इकती, संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभी राहती. एस.टी. येती. आपल्यासारखीच, खडखड करती, काच फुटलेली. दार उघडतं, लोक उतरतात, हिचं मानूस त्याच्यात नसतं. ही परत घरी येती. दुसऱ्या दिवशी परत मुळे, परत फाटा. तुमच्या मंडळातले ते गोगलवाले प्राध्यापक मधल्या सुट्टीत म्हणले, फार संथ हाय. संथ? आमाला तर श्वास घ्यायला उसंत न्हवती! तिचा लेक गेलाय न कुठं तरी, डोंगरात बोगदा खणायला. लेकाचा पत्ता न्हाई, कागूद न्हाई. कागूद टाकणार कुठून? आज ह्या डोंगरात, उद्या त्या. बोअरच्या गाडीवरच्या मानसाचं बी तसंच असतंय न — आज निलंग्याकडं, उद्या कर्नाटकात, ज्या गावाची जमीन कोरडी तिथं गाडी उभी. गाडीलाच घर न्हाई, तर तिच्यावरच्या मानसाला कुठला पत्ता?

म्हंजे, हे आपलं उगं सांगितलं. मामीचा थोरला लेक, म्हंजे आमचंच मानूस, हाय तसा बोअरच्या गाडीवर. संक्रांतीला गेला, अजून आला न्हाई.

तर शेवटाला आलं. संध्याकाळ. बरफ. म्हातारी फाट्यावर. एस.टी. आली, थांबली. आज डायवर म्हातारीकडं बघून काय तरी बोलला, पहिल्यांदाच बोलला. दार उघडलं, आतून एक पाय दिसला — बूट, बुटावर चिखल — आन बाहेर टँकरवाल्या मारोतीनं भोंगा वाजवला! आमच्या वस्तीचा टँकर. सर, ज्याच्या दारी रोज नळ येतो त्याला न्हाई कळणार. भोंगा वाजला की आमच्या अंगातलं दुसरं समदं बंद पडतं. समद्या उठल्या. पदर खोचले, खुर्च्या पडल्या, दाराशी चपलांचा ढीग, जिला जी घावली ती पायात घालून पळाली. एक मामीच उठंना. "थांब ग," म्हणली, "दार उघडलंय." म्या तिचा दंड धरला. "थांब, पाय दिसला." म्या वढलं तिला, सर. वढतच नेलं. काय करणार? घरात दोन घागरी, दोन मानसं, एका मानसाला दोन आणता येत न्हाईत आन नंबर गेला की गेला.

तवापासून बोलंना मामी. भाकरी थापून पुढं ठेवती, पाणी ठेवती, पण तोंडातून शब्द न्हाई. आमच्या घरात दोघीच हाव. दोघीतली एक गप झाली की भिंती बोलून राहिल्यागत वाटतं. म्या म्हणलं, बुद्ध न्हाई दिसला म्हणून रुसली. फुलं वाया गेली, वस्तीत हसं झालं, माझ्यामुळं झालं. म्हणून आज आले होते तुमच्याकडं. ह्यो बघा, उद्याचा — लंकेचा, दुपारी. चित्रात पिंपळ हाय, चिवर घातलेले भिक्खू हायेत, ह्याच्यात तर बुद्ध नक्की हाय, न्हाई का? ह्याला नेते, मामी खूश होईल, बोलंल, असं धरूनच घरून निघाले. उद्या सकाळी तुमी जपानचा परत लावून राहिले ते दिसलं मला. पण दोन्हीला न्हाई जमायचं, दिसातून एकदाच घर सोडता येतं. एकच निवडायचा.

आन निवडला होता, खरंच. लंका. पण येताना टँकरपाशी थांबले न.

आज टँकर लवकर आला होता. मामी पुढं गेली होती, माझ्याआदी. म्या मागून घागर घेऊन गेले तर काय, रांग थांबलेली! नळी मोकळी वाहून राहिली, मारोती स्वतः टपावर बसून ऐकून राहिला, आन मधी आमची मामी, घरात मुकी, हितं हात हलवून सांगून राहिली. काय? जपानचा सिनेमा! "मग एस.टी. आली, मग दार उघडलं." बायका म्हणून राहिल्या, पुढं, नागुबाई, पुढं? चांगुणा मला हळूच म्हणली, रोज सांगती, तू पोचायच्या आदी, तुला ठावं न्हाई का? आन रोज येगळं. परवा त्यो उतरला तवा त्याच्या खांद्यावर गव्हाचं पोतं होतं. काल उतरला तर आईला नऊवारी आणली होती — जपानात नऊवारी! पण कुणी हसलं न्हाई म्हणं. आज म्या घागर खाली ठेवून ऐकलं. मामी म्हणली, "आज उतरला तर हात रिकामे. चिखलानं भरलेला. आईच्या पाया पडला, आन पहिलं काय इचारलं ठावं हाय का? म्हणला, माय, बायको कुठं हाय?"

सर, त्या सिनेमात बायको न्हाई. तुमी समदा बघितलाय, तुमी सांगा. लगीनच न्हाई झालेलं त्याचं. हाय का बायको? न्हाई न?

मामीनं मला बघितलं न्हवतं. म्या रांगेच्या मागं होते. तशीच माघारी फिरले, घागर तिथंच राहिली, चांगुणा आणंल.

न्हाई, रडत न्हाई मी. डोळ्यात धूळ गेली, इराणची! — बघा, तुमी बी हसले. बरं झालं. तर लंका ऱ्हाऊ द्या. बुद्ध काय, आमच्या विहारात बी हाय, कुठं पळून न्हाई जाणार. सकाळचे जपानचे पास द्या. मामी, मी, चांगुणा — आन समद्या टँकरच्या रांगेचे, मोजू नका, येतील तेवढ्या. आन एक पास मारोतीला. टँकरच्या डायवरला, हाव. त्याला आत बसवला की भोंगा कोण वाजवणार? मी बोलून ठेवलंय त्याच्याशी. आमची वस्ती त्याच्या फेरीत शेवटची हाय, कुणाचं पाणी अडत न्हाई. टँकर हॉलच्या बाहेर उभा करंल, सिनेमा संपला की हितंच नळी सोडंल. घागरी घेऊनच येऊ आमी, खुर्चीखाली ठेवू. आवाज झाला तर शूः करू नका. तुमच्या त्या गोगलवाल्यांना सांगा, आवडलं न्हाई तर त्यांनी लंकेचा बघावा.

आन चपला ह्यावेळी काढणार न्हाई. तुमी बी काढू नका.

एक इचारू का? तुमी शेवटापर्यंत बघितलाय न? त्यो पाय. बूट. उतरतो का त्यो? त्योच असतो का दुसरंच कोणी? — थांबा! न्हाई, तोंड उघडू नका. मान बी हलवू नका. बघू दे मामीला तिच्या डोळ्यानं. माझ्याशेजारी बसवते, दंड धरते तिचा, ह्यावेळी वढायला न्हाई. त्यो उतरला तर बरंच झालं. न्हाई उतरला तर न्हाई, त्यात काय, मामी हाय न. टँकरपाशी उभी राहून ती त्याला रोज उतरवणार, आन मी बी आता रांगेत पुढंच उभी ऱ्हाणार.

बघून काय राहिले, सर? पास फाडा.