घ्या म्हणायचं राहिलं

...नाही, पण मी म्हणतो, ती जेली जरा कोमट करून ठेवायला काय होतं हो? शर्ट काढून, डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, असा माणूस कुडकुडत पडलेला, आणि बरगडीवर थपकन् ते गार... आणि वरून म्हणायचं, "काका, अंग सैल सोडा!" सोडा कसलं?

इको म्हणतात त्याला. पोटातलं बाळ बघतात ना, तसंच हृदय बघायचं. तुम्हाला सांगतो, मशीनवाल्या ताई स्वभावाने चांगल्या, हात हलका. पण एक खोड आहे. यंत्र बरगड्यांत रोवायचं, डोळे पडद्यावर, आणि हुकूम... "श्वास सोडा... घेऊ नका... थांबा!" थांबलो. मी थांबतो हो, सांगितलेलं ऐकतो. पण 'घ्या' म्हणायला विसरतात! त्या आपल्या पडद्यावर रेघा मारतायत, आणि इकडे माझा वांग्यासारखा रंग होतोय!

सहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमची ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. मांडीवर माझा शर्ट, हातात टॉवेल. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला पोरगासुद्धा उठेल. ती तिथनं ओरडली, "अहो ताई, त्यांना घ्या म्हणा! सांगितल्याशिवाय ते श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत!"

ताई इतक्या हसल्या की पडद्यावरचं हृदय हललं.

मग डॉक्टर आले. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, बाकीच्या भिंती कशा आत-बाहेर होतायत. ही खालची मात्र हलत नाही. रक्त कमी पोचलंय. आता ही मेलीये की नुसती झोपलीये, ते आज सांगता येत नाही."

ही म्हणाली, "झोपलीच असणार. ह्यांच्या अंगाची आहे ना!"

आणि तो आकडा! हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं, त्याचे टक्के. माझे पस्तीस. हिचा चेहरा पेपर तपासताना व्हायचा तसा. "पस्तीस? काठावर पास?" डॉक्टर म्हणाले, "बाई, इथे शंभर कुणालाच मिळत नाहीत. साठ म्हणजे उत्तम." झालं! बाईंना उद्दिष्ट मिळालं. डॉक्टरांनी नळी घालून शीर मोकळी केली, म्हणाले, सहा महिने वाट बघू, झोपली असेल तर उठेल. ते वाट बघणार होते. ही कसली बघतेय? मीठ बंद. सकाळी चाळीस मिनिटं चालणं. मी कोपऱ्यावरून परत फिरतो का, ते बघायला स्वतः मागून! गुडघे धरून! म्हटलं, अगं तू कशाला? तर म्हणे, "मला काय धाड भरलीये?"

मला काय धाड भरलीये... हेच. तुम्हाला सांगतो, आमच्या घरात एकाच माणसाच्या हृदयाची फाईल होती. तिच्या छातीला ती गार जेली एकदाही लागली नाही. जिना चढताना थांबायची, म्हणायची, वय झालं. आणि मी ऐकायचो. सांगितलेलं ऐकतो ना मी!

चार महिने झाले. सकाळी अकराला, माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरता भरता गेली. गुरुवारपर्यंत भरल्या होत्या.

तर परवा तारीख होती. या वेळी हृदय पळवायचं इंजेक्शन देऊन भिंत बघणार, म्हणून सोबत नातेवाईक हवाच, असा नियम. ताईंनी विचारलं, "काकू कुठायत?" आणि काय सांगू तुम्हाला... तोंडातून गेलं, "खाली बसलीये. गुडघे दुखतात." का म्हणालो? खरं सांगितलं असतं तर परत पाठवलं असतं, हे एक. आणि दुसरं... खाली बसलीये म्हटल्यावर, क्षणभर, बसली होती हो.

शर्ट खुर्चीवर ठेवला. कुशीवर पडलो. तीच जेली. तसलीच गार! इंजेक्शन गेलं, हृदय धडाधडा धावायला लागलं. "श्वास सोडा... घेऊ नका... थांबा!"

थांबलो.

ताई पडद्यात. मी थांबलेला. खुर्चीकडून आवाज यायची वाट बघतोय... अजून थांबलेला... खुर्चीवर शर्ट. शेवटी असा ठसका लागला की ताई दचकल्या. "अहो काका, घ्यायचा ना श्वास!"

म्हटलं, "कुणी सांगितलंच नाही."

त्यांचं लक्ष कुठे? त्या पडद्याकडे बघून खुललेल्या. "काका, बघा, बघा! खालची भिंत! हलायला लागली! झोपलीच होती! काकू म्हणाल्या होत्या ना? अठ्ठेचाळीस टक्के आहेत! थांबा, त्यांना वर बोलावू, त्यांनाच दाखवते!" आणि फोन उचलला की हो खाली लावायला!

आता माझं बघा. बाहेर सगळे म्हणतात, फार मोठा धक्का बसला असेल, हृदयावर परिणाम होतो. आणि ही माझी भिंत! लाज आहे का हिला? नेमकी आत्ता उठून बसली!

म्हटलं, "ताई, फोन ठेवा. ती खाली नाहीये. चार महिने झाले."

ताई तशाच. एका हातात फोन, दुसऱ्या हातात यंत्र. पडद्यावर माझं हृदय एकटंच उड्या मारतंय. श्वास अडकलेला, घ्यायचं नावच नाही. शेवटी मीच म्हटलं, "ताई, घ्या. श्वास घ्या."

घेतला त्यांनी. मग टॉवेल आणला, जेली स्वतः पुसली. रागावल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "सहा महिन्यांनी परत यायचंय. सोबत कुणाला तरी आणा, काका."

म्हटलं, "सोबतीचं बघतो. नाही मिळालं कुणी, तर तुम्ही फक्त 'घ्या' म्हणायला विसरू नका. बाकी ऐकतो मी सगळं."